शेवटच्या नळाचं पाणी मोजा : पाणीपुरवठा विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. पाणीपुरवठा अभियंता,
तसेच जलशुद्धीकरण केंद्रातील व वितरण विभागातील सर्व कर्मचारी,
नगरपालिका

विषय : पाण्याची तपासणी ग्राहकाच्या नळावर व्हावी आणि तिचे आकडे रोज जाहीर व्हावेत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आज पहाटे पाणी आलं तेव्हा नेहमीप्रमाणे मी नळाखाली काचेची छोटी नळी धरली. १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घेतलं, त्यात डीपीडीची गोळी चुरून टाकली आणि झाकण लावून हलवलं. पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन शिल्लक असेल तर गोळी विरघळताच पाणी गुलाबी होतं. क्लोरीन जितका जास्त, तितका रंग गडद. सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहिलं की आकडा कळतो. आज रंग आलाच नाही. नळीमागे कोरा कागद धरला, खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं, पुन्हा एकदा नवं पाणी घेऊन तपासलं. मग वहीत आजच्या तारखेपुढे शून्य लिहिलं.

आमची गल्ली जलवाहिनीच्या टोकाला आहे. आमच्या पुढे दोन घरं, आणि तिथे पाइप संपतो. उंच टाकीच्या पायथ्याशी माझी मैत्रीण राहते. तिच्याकडे याच गोळीने, याच नळीत पाणी छान गुलाबी होतं. म्हणजे तुमच्या केंद्रातून क्लोरीन निघतो, टाकीपर्यंत पोहोचतो आणि आमच्यापर्यंत येता येता संपतो. रोजच असं होतं असं नाही. पण पाऊस पडून गेल्यावर आणि पुरवठा एखादा दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावर शून्य हमखास येतं, हे माझी वही सांगते.

ही वही घेऊन मी कार्यालयात आले होते. तिथल्या एका कर्मचाऱ्याने ती शांतपणे चाळली आणि म्हणाला, "ताई, घरी चांगला फिल्टर बसवून घ्या. आजकाल सगळेच बसवतात." तो आपुलकीने बोलत होता. माझ्या भल्याचंच सांगत होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हे पत्र त्या वाक्यासाठीच आहे. पाणी पुरवणाऱ्या कार्यालयातला माणूस पाण्याबद्दलच्या तक्रारीवर इतक्या सहजपणे फिल्टर सुचवतो, तेव्हा पाणी शुद्ध ठेवण्याची जबाबदारी कुणाच्याही नकळत तुमच्या केंद्रातून माझ्या ओट्यावर आलेली असते.

म्हणून आधी त्या ओट्यावरच्या यंत्राबद्दलच बोलते. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तरी फिल्टर घ्यायची वेळ आली तेव्हा मीही गोंधळले होते.

एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी घरी आला होता. त्याने दोन पेले मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं, म्हणजे दाबाने पडद्यातून गाळून क्षार काढलेलं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक उपकरण बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट-तपकिरी झालं, वर फेस आला, तळाशी काळपट गाळ बसला. आरओचं पाणी जसंच्या तसं. "बघा मॅडम, हे तुम्ही पिता," तो म्हणाला. शेजारच्या वहिनी मागे उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मी त्याला म्हटलं, आता त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाब. त्याने दाबलं. तोही पेला तसाच हिरवट-काळा झाला. मीठ तर आम्ही रोज खातो. झालं होतं ते इतकंच : पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आणि वीज वाहिली की त्या कांड्यांमधलं लोखंड विरघळून गाळ होऊन खाली बसतं. गाळ कांडीचा असतो, पाण्याचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. त्या मुलाला हे खरंच माहीत नव्हतं. त्याला जसं शिकवलं तसं तो करत होता. त्याने मला दोनदा विचारलं, "मग हे चूक आहे का?" मला त्याची कणव आली. आणि ज्यांच्या घरात मीठ टाकून बघायला सांगणारं कुणी नाही, त्यांची काळजी वाटली.

अशीच गत टीडीएस मीटरची. पेनासारखं ते उपकरण पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं आणि तो मोठा दिसला की माणूस घाबरतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांचं एकूण प्रमाण. त्यातला बहुतेक भाग कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम अशा क्षारांचा. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. ६०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत पाणी चवीला साधारण चांगलं लागतं आणि १००० च्या पुढे ते नकोसं वाटू लागतं, एवढंच ती म्हणते. कावीळ पसरवणारा विषाणू, टायफॉइडचा जंतू, गटाराचा अंश यांपैकी काहीही त्या मीटरवर दिसत नाही. आर्सेनिक या विषारी घटकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढीशी भर शेकड्यांतल्या आकड्यात कुठे कळणार? म्हणजे ज्या आकड्याला लोक भितात तो चवीचा आहे, आणि ज्याची भीती बाळगायला हवी त्याचा आकडा त्यांना कुणी देतच नाही. तो द्यायचं काम तुमचं आहे.

कुठल्या पाण्याला कुठला फिल्टर, हे पाणी कसं आहे त्यावर ठरतं. पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल, नायट्रेट ५० च्या वर असेल, आर्सेनिक असेल किंवा पाणी खारट असेल तर आरओ उपयोगाचा. त्याच्या पडद्यात हे बहुतांशी अडतं. पण नदीचं किंवा तलावाचं गोडं पाणी असेल तर आरओ नको ते काम करतो. शरीराला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियमही काढून टाकतो, आणि बऱ्याच घरगुती यंत्रांत पिण्याचं एक लिटर पाणी मिळवताना तीनेक लिटर पाणी मोरीत जातं. तुम्ही वीज खर्चून उपसलेलं, तुरटी घालून निवळलेलं, वाळूतून गाळलेलं, क्लोरीन दिलेलं ते पाणी असतं. आणि दुसऱ्या टोकाला एखाद्या गल्लीत हंडा भरत नाही. मला याचा फार त्रास होतो.

जंतूंचाच प्रश्न असेल तर यूएफचा (अतिसूक्ष्म छिद्रांचा) पडदा किंवा यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा पुरतो. यूएफला वीज लागत नाही, जीवाणू त्यात अडतात, विषाणू मात्र सगळे अडतीलच असं नाही. यूव्हीचा किरण जीवाणू आणि विषाणू दोघांनाही निकामी करतो, पण पाणी नितळ असेल तरच. गढूळ पाण्यात कणांच्या सावलीला जंतू सुखरूप राहतात. आणि दिवा जळतोय म्हणजे काम करतोय असंही नसतं. साधारण ९००० तासांनंतर, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभरात, त्याचा जोर ओसरतो. डोळ्यांना तो निळा उजेड तसाच दिसत राहतो.

आता माझ्याच घरातलं. मी शेवटी कार्बनची (कोळशाची) गाळणी आणि यूव्ही असलेलं यंत्र घेतलं. आईच्या आजारपणात मी गावी होते, त्या काळात त्याचा कार्बन बदलायचा राहून गेला. परत आल्यावर नळकांडं उघडलं तर आतून बोटाला बुळबुळीत तपकिरी थर लागला, ओल्या मातीसारखा वास. कार्बन क्लोरीन शोषून घेतो, म्हणूनच पाण्याचा वास जातो आणि चव सुधारते. पण क्लोरीन गेला की पुढच्या पाण्याला राखण उरत नाही. जुन्या कार्बनवर जीवाणू घर करतात, आणि यंत्राच्या छोट्या टाकीत रात्रभर साठलेल्या पाण्यात ते वाढू शकतात. मला हे सगळं पाठ होतं. तरी माझ्याकडून राहिलं. मग ज्या घरात यंत्र आणलं त्या दिवसानंतर कुणी ते उघडलेलंच नाही, तिथल्या पाण्याचं काय? घराघरांत एकेक जलशुद्धीकरण केंद्र उभं राहिलंय, आणि त्यांतल्या एकालाही ऑपरेटर नाही.

आणि ज्यांच्याकडे यंत्रच नाही ते? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत दहा घरांत मिळून एक नळ आहे. तिथली मुलं खेळून आली की थेट नळाला तोंड लावतात. माझ्या ओट्यावरच्या यंत्राने त्यांच्यासाठी काहीही होत नाही. उलट ज्यांचा आवाज कार्यालयापर्यंत पोहोचतो त्या घरांनी यंत्रं बसवून घेतली, आणि ती घरं नळाच्या पाण्याबद्दल विचारेनाशी झाली. मीही काही वर्षं विचारत नव्हते. वस्तीत उलट्या-जुलाबाची साथ आली, मावशींची नात चार दिवस सलाइनवर होती, तेव्हा मी क्लोरीन तपासायचं ते किट आणलं.

तुमच्या कामाची मला कदर नाही असं कृपया समजू नका. मुलांची सहल घेऊन मी जलशुद्धीकरण केंद्रात अनेकदा आले आहे. नदीचं मातकट पाणी आत येतं, तुरटी पडते, पाणी ढवळलं जातं आणि धुक्यासारखे तरंगणारे कण एकमेकांना चिकटून कापसाच्या पुंजक्यांसारखे होतात. निवळणीच्या हौदात ते खाली बसतात, वरचं पाणी वाळूतून झिरपतं, शेवटी क्लोरीन. हौदाच्या काठावर वाकून मुलं विचारायची, "बाई, माती गेली कुठे?" केंद्रातल्या काकांनी एकदा वाळूचा थर उलट्या पाण्याने धुताना दाखवला. खालून पाणी आणि हवा जोरात सोडली आणि सगळी वाळू उकळल्यासारखी उसळली. मुलं ते महिनाभर बोलत होती. तिथून बाहेर पडणारं पाणी चांगलं असतं यावर माझा विश्वास आहे.

बिघडतं ते त्यापुढच्या वाटेवर. पाणी दिवसातून काही वेळच सुटतं. उरलेले तास पाइप रिकामा, दाब नाही. गटाराच्या कडेने गेलेल्या पाइपला कुठे चीर असेल, जोड सैल असेल, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घाण पाणी साचलेलं असेल, तर दाब गेल्यावर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्यात आपण नागरिक नळाला थेट मोटार लावतो, ती तर पाइपमधून शोषूनच घेते. मग पाणी सुटलं की ते सगळं पुढे ढकललं जातं, आणि साचत जातं टोकाच्या नळापाशी. पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी गढूळ असतं ते यामुळे. क्लोरीन दिलेला असतो, पण वाटेतली घाण, पाइपमधला गंज, आतल्या भिंतीवरचा चिकट थर यांच्याशी झुंजण्यात तो खर्ची पडतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना म्हणते की क्लोरीन मिसळल्यावर किमान अर्ध्या तासाने पाण्यात ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा आणि ग्राहकाला पाणी मिळतं त्या जागी निदान ०.२ तरी शिल्लक राहावा. तो ०.२ म्हणजे पाणी वाटेत बाटलेलं नाही याची खूण. माझ्या वहीतलं शून्य एवढंच सांगतं की वाटेत काहीतरी त्याला खाऊन गेलं.

इथे मला कॅनडातल्या वॉकर्टनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑन्टारिओ प्रांतातलं हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या शहराहूनही लहान. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखताचा अंश गावाच्या एका उथळ विहिरीत उतरला. ई. कोलाय जातीचा घातक जंतू नळाला आला. सुमारे २३०० माणसं आजारी पडली, ७ दगावली. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी चौकशी केली. तेव्हा कळलं की तिथले कर्मचारी रोज क्लोरीन मोजायचा तो मोजतच नसत. नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ असा आकडा भरून टाकत. क्लोरीनही लागतो त्याहून कमी सोडत. प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचं कळवल्यावरही आरोग्य खात्याने विचारलं तेव्हा पाणी ठीक असल्याचं सांगितलं गेलं. शेवटी आरोग्य खात्याने स्वतःहून लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. चौकशीचा निष्कर्ष असा की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर साथ टळली असती. नुसता रोज प्रामाणिकपणे क्लोरीन मोजला असता तरी तिची झळ पुष्कळ कमी झाली असती.

मी हे आपल्या कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. तिथली माणसंही काही दुष्ट नव्हती. ती स्वतः तेच पाणी पीत होती, आणि वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही म्हणून आकडा भरायची सवय झाली होती. म्हणून माझी विनंती अशी की आपली नोंदवही लोकांसमोर ठेवा. चार लोकांच्या नजरेखाली असलेल्या वहीत न मोजलेला आकडा लिहायला हात धजत नाही.

नगरपालिकेने पाणी नीट शुद्ध करून दिलं तर काय साधतं, त्याचंही एक उदाहरण सहलीच्या वेळी मी मुलांना सांगायची. १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने सुमारे ८६०० माणसं मेली. एल्ब नदीचं पाणी ते न गाळताच नळाला सोडत. शेजारी लागूनच आल्टोना शहर. ते तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेत होतं. पण ते वाळूतून गाळून देत होतं. आल्टोना जवळजवळ वाचलं. काही ठिकाणी दोन शहरांची हद्द रस्त्याच्या मधून जात होती : एका बाजूच्या घरांत कॉलरा, समोरच्या घरांत नाही. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी हे मांडलं. त्या समोरच्या घरांतल्या लोकांनी स्वयंपाकघरात काही यंत्र बसवलं नव्हतं. त्यांच्या नगरपालिकेने पाणी गाळलं होतं.

आता मला काय हवं आहे ते सांगते.

क्लोरीन आज जिथे मोजता, त्याच्या जोडीला तो प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळावर मोजावा, पाणी सुटल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत एकदा आणि नंतर एकदा. हे काम व्हॉल्व्हमन सहज करू शकतील. ते पहाटे त्या भागात असतातच, आणि कुठला पाइप कुठे कुजलाय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. क्लोरीनसाठीची पिवळा रंग देणारी जुनी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट आता सोडून द्यावी. तिचं रसायन हाताळणाऱ्याच्या तब्येतीला घातक असल्याचा संशय आहे आणि आकडाही ढोबळ मिळतो. डीपीडीचं किट खिशात मावतं. तो आकडा त्याच दिवशी प्रभागातल्या फलकावर खडूने लिहिला तरी पुरे. शून्य आलं तर शून्य लिहा. शून्य वाचून आम्ही पाणी उकळून पिऊ. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळलं तरी जंतू मरतात. आकडाच कळला नाही तर आम्ही निर्धास्त पितो.

गढूळपणाचाही आकडा हवा. गढूळपणा ही दिसण्यापुरती गोष्ट नाही. कणांच्या आडोशाने जंतू क्लोरीनपासून वाचतात, म्हणून क्लोरीन देण्याआधी पाणी १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायच्या एककाच्या) आत असलेलं बरं. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्या परजीवीवर नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनचा परिणामच होत नाही, त्याला गाळूनच अडवावं लागतं. त्या दिवसांत तिथल्या एका शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी येतं तेव्हा "दोन दिवसांत स्वच्छ होईल" असं आम्हाला सांगितलं जातं. त्या दोन दिवसांत काय करायचं, तेही सांगा. पाणी उकळायचं का, कपड्याने गाळून तुरटी फिरवायची का, तान्ह्या बाळाच्या दुधासाठी कुठलं वापरायचं. ध्वनिक्षेपक लावलेली एक रिक्षा फिरवली तरी काम होईल.

तिसरी विनंती माझ्या मते सर्वांत सोपी, आणि तिने लोकांचे सर्वाधिक पैसे वाचतील. आपल्या पाण्याचा संपूर्ण रासायनिक तपासणी अहवाल वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, मराठीत छापून जाहीर करा. त्यात फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, कठीणपणा, टीडीएस असू द्या. ज्या भागांना कूपनलिकेचं पाणी जातं त्यांचा वेगळा द्या. आणि खाली एक ओळ लिहा : या पाण्याला आरओची गरज आहे, किंवा नाही. ही ओळ विक्रेता कधीच लिहिणार नाही, आणि आम्हाला ती स्वतःहून कळणार नाही. ज्या घरांना खरोखर आरओ हवा ती तो घेतील. बाकीची साध्या गाळणीवर आणि उकळण्यावर निभावतील, आणि वाया जाणारं पाणी टोकाच्या गल्लीत पोहोचेल.

टोकाच्या पाइपचं तोंड उघडून साचलेला गाळ ठरावीक दिवसांनी बाहेर सोडणं, व्हॉल्व्हचे खड्डे कोरडे ठेवणं, गटारातून गेलेल्या जोडण्या बदलणं ही कामं आपल्या यादीत असतीलच. त्यांची तारीख आम्हाला कळवा, म्हणजे त्या दिवशी आम्ही पहिलं पाणी पिण्यासाठी भरणार नाही.

आमच्याही चुका आहेत, त्या मी लपवत नाही. थेट लावलेल्या मोटारींबद्दल वर लिहिलंच. आमच्या गल्लीत तीन होत्या. त्यांतल्या दोघांनी समजावल्यावर काढल्या, आता जमिनीतल्या टाकीत पाणी घेऊन मग ते वर चढवतात. तिसऱ्या घराशी बोलणं चालू आहे. गच्चीवरच्या टाक्या वर्षानुवर्षं धुतल्या जात नाहीत, झाकणं तुटलेली असतात, कबुतरं बसतात. असल्या टाकीतून आलेल्या पाण्याचा दोष नगरपालिकेला देणं बरोबर नाही. म्हणून मी नमुना नेहमी अंगणातल्या थेट नळाचा घेते, टाकीच्या नळाचा कधीच नाही. नळाचं तोंड आधी पुसते, थोडं पाणी वाहू देते. वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे वेळही लिहिली आहे.

आणि क्लोरीनच्या वासाबद्दल. लोक तुमच्याकडे "पाण्याला औषधाचा वास येतो" अशा तक्रारी करतात, मला माहीत आहे. त्या तक्रारींच्या धाकाने कुणी मात्रा कमी करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो वास रुग्णालयात जाण्यापासून वाचवणारा आहे. हंडा तासभर उघडा ठेवला, वर जाळी झाकली, की पुष्कळसा निघून जातो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनची मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आपण तिच्या आसपासही नसतो. शाळेत, महिला मंडळात हे समजावून सांगायला मी यायला तयार आहे. मुलांच्या हातात किट दिलं तर ती आपापल्या घरचं पाणी तपासून आणतील. गुलाबी रंग पाहिला की त्यांना तो वास शत्रू वाटणार नाही.

येत्या सोमवारपासून मी रोजच्या नोंदीची प्रत आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात देणार आहे. माझं किट साधं आहे, माझी नजरही आता पूर्वीसारखी राहिली नाही. त्यामुळे आकडा चुकत असेल तर तो दुरुस्त करून हवा. आपल्यापैकी कुणीतरी एकदा आपलं उपकरण घेऊन आमच्या गल्लीत या, शेवटच्या नळाशी माझ्याबरोबर उभे राहा, आणि दोघांचे आकडे एकाच वहीत लिहू. पाणी पहाटे सुटतं. पाच मिनिटं आधी आलात तर पहिलं पाणीही पाहता येईल.

आपली नम्र,
टोकाच्या गल्लीतली एक नळजोडणीधारक
(निवृत्त विज्ञान शिक्षिका)